दुसऱ्या कडव्यातला बास

ताम्रपठार केंद्राच्या ध्वनिकक्षात केतकी तिर्पुडेने त्या गाण्याचे चार भाग सुटे केले होते आणि आता त्यांच्याकडे बघत ती गोंधळून बसली होती.

मंगळावर तिचं काम यंत्रांचे आवाज ऐकण्याचं. केंद्राच्या बाहेरच्या भिंतीत बसवलेला मायक्रोफोन वारा, पंप, झडपा असं सगळंच टिपायचा. त्या गलक्यातून एकेक आवाज वेगळा काढण्यासाठी तिने ‘स्वरविलगक’ नावाची प्रणाली बांधली होती. पंपाच्या घरघरीतून सैल स्क्रूची खडखड वेगळी काढता येते, तर गाण्यातून गिटारही काढता येईल, हे जोसेफ डाबरेला सुचलं आणि त्याने आपलं लाडकं गाणं तिच्यापुढे आणून ठेवलं.

जोसेफ केंद्राचा यंत्रज्ञ. मूळचा वसईचा. इकडे येण्याआधी तो एका हौशी बँडमध्ये बास, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, वाजवायचा, आणि ‘मिठागराच्या पल्याड’ हे गाणं त्याने वसईतल्या इतक्या लग्नांत वाजवलं होतं की झोपेतही त्याची बोटं चालायची.

“सांग ना, काय आहे त्यात?” त्याने विचारलं.

“तेच तर कळत नाहीये,” केतकी म्हणाली. “चार कॉर्ड, फिरून फिरून तेच. गाणारा अर्धी मात्रा आधी शिरतो, त्यामुळे जरा घाई वाटते. ड्रम साधा आहे. ध्रुवपदात गिटारीवर गिटार चढवलीय. भाग सगळे सापडले, पण इतकं वेड लागण्यासारखं एकाही भागात काही नाही.”

“आणि बास?”

“तो तर पहिल्या कडव्यात नाहीच.”

“दुसऱ्यात येतो. आता तिथे तेवढा बंद करून ऐक.”

केतकीने बासचा भाग बंद केला. गाणं तेच होतं, पण कुणीतरी ते जमिनीवरून चार बोटं वर उचलून धरल्यासारखं वाटायला लागलं. तिने पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद केला. तिला फरक कळत होता, पण त्याचं नाव सापडत नव्हतं.

“बास कुणी ऐकत नाही,” जोसेफ हसून म्हणाला. “पण तो गेला की माणसं एकमेकांकडे बघायला लागतात.”

एवढं बोलून तो पोशाख चढवायला गेला. सौरपट्ट्यांच्या एका रांगेत धूळ अडकली होती, ती मोकळी करायची होती. त्याच्यामागून हत्यारं वाहणारी अनुचरगाडी निघाली. ही गाडी माणसापासून ठरावीक अंतर ठेवून चालते आणि चालताना सतत पीं-पीं करते. जोसेफला ते सहन होत नसे, म्हणून त्याने तिच्या भोंग्यात हेच गाणं भरून ठेवलं होतं.

वादळ अंदाजापेक्षा बरंच आधी आलं.

मंगळाचा वारा माणसाला पाडत नाही, तेवढा त्यात जोर नसतो. पण धूळ इतकी दाट होते की हात लांब केला तर पंजा दिसत नाही. आणि या धुळीचे कण एकमेकांवर घासून विजेने भारले जातात. मग रेडिओत खरखरीशिवाय काही उरत नाही. केंद्रप्रमुख डॉ. सुहासिनी भालेकर बराच वेळ जोसेफला हाका मारत राहिल्या. केंद्रावर तेव्हा हे तिघंच होते. बाकीचे ध्रुवाकडच्या छावणीवर गेले होते. भालेकर भूभौतिकीतल्या तज्ज्ञ, वयाने साठीकडे झुकलेल्या, आणि महिन्यापूर्वी शिडीवरून पडून गुडघा दुखावून बसलेल्या.

“त्याच्याकडे हवा किती असेल?” केतकीने विचारलं.

“संध्याकाळपर्यंत पुरेल. पण वादळ उद्याही थांबणार नाही.”

त्यांचं बोलणं चालू असतानाच भिंतीवरच्या मायक्रोफोनचा आवाज केतकीच्या कानावर आला. वाऱ्याच्या घुंघुंमागे काहीतरी ओळखीचं होतं. तिने स्वरविलगक लावला. गिटार, गाणाऱ्याचा बारीक झालेला आवाज, ड्रमची टकटक.

“मॅडम! गाणं वाजतंय. त्याची गाडी वाजवतेय!”

भालेकर लंगडत तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. केतकी काही क्षण ऐकत राहिली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“पण हे चुकीचं वाजतंय. बास मागे पडलाय. गिटारच्या बराच मागून येतोय.”

“तुझी प्रणाली चुकत असेल.”

“सकाळीच मी हे गाणं तुकडे करून मोजलंय. मुळात तो असा नाहीये.”

भालेकरांनी पडद्यावरच्या गिटार आणि बासच्या दोन रेषा पाहिल्या. “थांब. हे इथे होऊ शकतं. पृथ्वीवर मैदानात गाणं लागलं, तर लांब उभ्या असलेल्याला ढोल आणि सनई एकदमच ऐकू येतात ना? इथे तसं नाही. मंगळाच्या हवेत आवाजाला दोन वेग आहेत.”

“दोन?”

“इथली हवा म्हणजे जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड, तोही विरळ. आवाज म्हणजे रेणूंनी एकमेकांना मारलेले धक्के. खालच्या स्वरांचे धक्के सावकाश असतात. मग रेणूला त्यातली थोडी ऊर्जा स्वतःच्या आतल्या थरथरीत मुरवायला वेळ मिळतो आणि धक्का रेंगाळतो. वरच्या स्वरांचे धक्के इतके भराभर येतात की मुरवायला सवडच मिळत नाही, त्यामुळे ते वेगाने पुढे जातात. खालचे स्वर सेकंदाला दोनशे चाळीस मीटर, वरचे दोनशे पन्नास. आणि ही सीमा कुठे आहे माहितीये? पेटीच्या मधल्या सप्तकाच्या सुरुवातीला, जरा खालीच.”

“म्हणजे बास सीमेच्या अलीकडे आणि गिटार पलीकडे.”

“हो. जितकं लांबून येईल तितका बास मागे पडणार. किती मागे पडलाय ते मोज, मी अंतर सांगते.”

केतकीने मोजलं. भालेकरांनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि चष्मा काढला.

“अर्धा किलोमीटर. हे शक्य नाही.”

“का?”

“या हवेत वरचे स्वर फार लवकर मरतात. अर्ध्या किलोमीटरवरून गिटार ऐकूच येणार नाही. ती ऐकू येतेय म्हणजे गाडी जवळ आहे. पन्नास मीटरच्या आत.”

“मग बास?”

“बासवरून तो लांब आहे. दोन्ही खरं असू शकत नाही.”

केतकीला आणखीही काही खटकत होतं. ड्रमचा नुसता वरचा टक्क ऐकू येत होता, खालचा धप्प कुठेच नव्हता. आणि बास ठेक्याला पक्का होता, पण त्याचे स्वर ओळखू येत नव्हते. भालेकरांच्या मते ते सगळं वाऱ्याने खाल्लं होतं. केतकीला ते पटलं नाही.

“मी जाते,” ती म्हणाली. “गिटारच्या मागे. अर्धा किलोमीटर जायला तशीही दोरी पुरायची नाही.”

“मीच गेले असते,” गुडघ्यावर हात ठेवत भालेकर म्हणाल्या. “पण तू गेलीस तर इथे गाणं कोण ऐकणार? मला ताल म्हणजे काय ते आजवर कळलेलं नाही.”

“पडद्यावर रेषा दिसतात. त्या वाचा.”

सुरक्षादोरीच्या पोटात बोलण्यासाठी तार होती. तिच्यावर वादळाचा परिणाम होत नसे. दोरीचं एक टोक दाराच्या कडीत अडकवून केतकी त्या लालसर काळोखात शिरली. हेल्मेटच्या दोन बाजूंचे माइक तिला दिशा सांगत होते. डाव्या कानात गिटार जास्त आली की ती डावीकडे वळायची. पावलागणिक गाणं मोठं होत गेलं. गाणाऱ्याचे शब्दही कळायला लागले.

“मॅडम, मला बास ऐकू येत नाही.”

“काय म्हणतेस? इथे स्पष्ट येतोय.”

“इथे नाहीये. गिटार आहे, गाणं आहे, टकटक आहे. बास नाही.”

“मग तू चुकीच्या दिशेने चालली असशील.”

“गिटार वाढतेय हो!”

पुढच्या काही पावलांत तिचा गुडघा कशावर तरी आदळला. अनुचरगाडी. चाकं अर्धी धुळीत रुतलेली, भोंगा कानठळ्या बसाव्यात इतका जोरात. केतकीने गाडीभोवती हात फिरवत एक चक्कर मारली, मग दोरी ताणून मोठी चक्कर मारली. जोसेफ कुठेच नव्हता.

“गाडी आहे. तो नाहीये,” ती म्हणाली. “मॅडम, काही कळत नाहीये. मी भोंग्याला हात लावून उभी आहे आणि इथे बास नाही. तुमच्याकडे अजून आहे?”

“आहे.”

“जिथून गाणं निघतं तिथे नाही आणि लांब आहे, असं कसं होईल?”

केतकीने भोंग्यावरची धूळ पुसली. तळहाताएवढा पत्र्याचा भोंगा, पीं-पीं करण्यासाठी बनवलेला. त्याच्याकडे बघता बघता तिच्या डोक्यात हळूहळू काहीतरी जुळायला लागलं.

“हा भोंगा बास काढूच शकत नाही,” ती सावकाश म्हणाली. “खालचा एकही स्वर याच्यातून निघणार नाही. ड्रमचा धप्प म्हणूनच नाहीये. पण मग बासही यायला नको.”

“येतोय ना पण.”

“मी गाणं बंद करते. पडद्याकडे लक्ष ठेवा.”

तिने कळ दाबली. एकदम फक्त वारा उरला.

“गिटार गेली,” भालेकरांचा आवाज आला. “ड्रम गेला. बास... केतकी, बास चालू आहे. अजून एक ठोका आला. आता थांबला.”

केतकीने भोंग्यावरचा हात काढला.

“तो वाजवतोय,” ती म्हणाली. “गाण्याबरोबर. हातोडा घेऊन दगडावर वाजवतोय.”

भालेकर भराभर बोलायला लागल्या. “दगड. अगं, भिंतीतला माइक केंद्राच्या सांगाड्याला जोडलेला आहे आणि सांगाडा खडकात रोवलाय. खडकातून ठोका लगेच पोचतो, हवेपेक्षा कितीतरी वेगाने. आपण दोन वेगवेगळ्या जागांचे आवाज एकच गाणं समजून मोजत बसलो. तो जमिनीत कुठेतरी आहे. खाली पडलाय.”

“आणि मी त्याचं गाणं बंद केलं.”

तिने कळ पुन्हा दाबली. गाणं मुळापासून सुरू झालं. चार कॉर्ड. अर्धी मात्रा आधी शिरणारा आवाज.

“काही येत नाहीये,” भालेकर म्हणाल्या.

“अजून यायचं नाहीये. बास दुसऱ्या कडव्यात आहे.”

“त्याला एवढं भान असेल?”

“माहीत नाही.”

पहिलं कडवं इतकं लांब आहे हे केतकीला कधी जाणवलं नव्हतं. सकाळी याच गाण्यात काही विशेष नाही असं म्हणताना ते कडवं तिने दोनदा पुढे सरकवलं होतं. आता एकेक ओळ संपता संपत नव्हती. त्या शांततेचा अर्थ तिला लावता येईना. तो वाट बघत असेल, किंवा गाणं संपलं असं समजून त्याने हातोडा टाकून दिला असेल, किंवा तो शेवटचा ठोका खरोखर शेवटचाच असेल. ध्रुवपद आलं आणि गेलं.

“आला!” भालेकर ओरडल्या. “केतकी, आला! खालची रेष हलतेय!”

केतकीला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. मग ती गाडीमागे जाऊन उभी राहिली.

“मॅडम, आता नीट ऐका. माझ्या हेल्मेटमधलं गाणं तारेवरून तुम्हाला येतंय. ते गाडीजवळचं, ताजं. त्याला ते हवेतून पोचायला वेळ लागतो, तो त्याप्रमाणे ठोका मारतो, आणि ठोका खडकातून तुमच्याकडे लगेच येतो. म्हणजे बासचा उशीर हे गाडीपासून त्याच्यापर्यंतचं अंतर आहे. मी गाडी ढकलते. उशीर वाढतोय की कमी होतोय तेवढं सांगा.”

“तेवढं मला जमेल.”

गाडी जड होती आणि चाकं धुळीत फसत होती. केतकीने आधी सौरपट्ट्यांकडे ढकलली.

“वाढतोय. मागे फिर.”

ती उजवीकडे वळली.

“तेवढाच आहे... नाही, कमी होतोय. कमी होतोय. चल तशीच.”

गाणं संपलं की ते आपोआप पुन्हा सुरू व्हायचं, आणि प्रत्येक वेळी पहिल्या कडव्यात त्या दोघींना मुकाट थांबावं लागायचं. दुसऱ्या कडव्यात ठोके यायचे. मध्येच काही गळायचे, एखादा नको तिथे पडायचा. त्याची शक्ती संपत होती. पण दर खेपेला बास गिटारच्या आणखी जवळ सरकत होता.

“आता जवळपास जुळलंय,” भालेकर म्हणाल्या. “दोन्ही रेषा एकमेकींना चिकटल्यात. थोडं अंतर उरलंय, ते काही केल्या जात नाहीये.”

केतकी गाडी सोडून झटकन पोटावर आडवी झाली.

“ते खोलीचं असणार. तो माझ्या खालीच आहे.”

तिने सरपटत हात पुढे टाकला, आणि जमीन जिथे असायला हवी होती तिथे ती नव्हती. कातळाला माणूस मावेल एवढी भेग पडली होती. आत दिवा टाकल्यावर दोन माणसांच्या उंचीइतकं खाली, एका तिरप्या कपारीवर जोसेफ दिसला. एक पाय दगडात अडकलेला, तोच पाय केंद्राच्या दिशेला पसरलेला. डोळे मिटलेले. हातातला हातोडा शेजारच्या दगडावर सावकाश, अगदी मापात पडत होता.

त्याला वर काढायला गाडीवरची कप्पी कामी आली. आत आणला तेव्हा त्याच्या टाकीत फारसं काही उरलं नव्हतं. भालेकरांनी पायाला पट्ट्या बांधल्या, प्राणवायू लावला, आणि केतकी त्याच्या उशाशी बसून राहिली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

“लग्न कुणाचं होतं?” त्याने विचारलं.

“लग्न नव्हतं, जोसेफ. तू भेगेत पडला होतास.”

“हां.” तो विचारात पडला. “आधी गाणं लांबून येत होतं. नुसतं वरचं वरचं. म्हटलं, बास कोण वाजवतंय? कुणीच नव्हतं. म्हणून मी धरला.”

“म्हणजे तू मदतीसाठी खुणा करत नव्हतास?”

“खुणा? नाही गं. गाणं पडलं असतं.”

केतकी भालेकरांकडे बघायला लागली. जो इशारा समजून तिने वादळात गाडी ढकलली होती, तो इशारा नव्हताच. हा माणूस वसईतल्या कुठल्यातरी मांडवात बसून वाजवत होता. आपण त्याला शोधलं की तो आपोआप सापडला, हे तिला ठरवता येईना.

“नंतर बँडची पोरं जवळ आली,” जोसेफ म्हणाला. “स्टेज पुढे सरकवल्यासारखी. मग बरं वाटलं. फक्त तो दुसरा फार त्रास देत होता.”

“कोण दुसरा?”

“खालचा. तोही बासच वाजवत होता. मी मारला की तोच ठोका तो मागून मारायचा. सारखा उशिरा.”

“हवा कमी पडली की असे भास होतात,” केतकी त्याच्या कपाळावर हात ठेवत म्हणाली. “झोप आता.”

पण भालेकर हातातली पट्टी तशीच धरून उभ्या होत्या.

“जोसेफ,” त्यांनी विचारलं, “तो कुठल्या बाजूला होता?”

“पायाकडे. खाली आणि पायाकडे.”

“किती उशिरा मारायचा? वाजवून दाखवशील?”

“मॅडम, असू द्या ना आता,” केतकी म्हणाली.

“वाजवू दे त्याला.”

जोसेफने पलंगाच्या दांडीवर बोटाने एक टिचकी मारली. थांबला. मग दुसरी मारली.

केतकीच्या अंगवळणी पडलेलं होतं, तिने नकळत ते अंतर मोजलं. जवळपास एक सेकंद. सेकंदाला दोनशे चाळीस मीटर, हवेतल्या खालच्या स्वराचा वेग. खडकातून आलेला प्रतिध्वनी इतका रेंगाळला नसता. म्हणजे तो हवेतून गेला आणि हवेतूनच परत आला. जाण्याचा निम्मा वेळ, येण्याचा निम्मा. एकशेवीस मीटर लांब मोकळी जागा, त्या भेगेपासून जोसेफच्या पायाच्या दिशेने.

आणि भेगेपासून त्याच दिशेला केंद्र होतं, सत्तर मीटरवर.

“पुन्हा,” भालेकर हळूच म्हणाल्या.

जोसेफने पुन्हा वाजवून दाखवलं. उशीर तेवढाच होता. पट्टीचा वादक होता तो, ताल चुकणारा नव्हता.

“आपण इथे खडक घट्ट आहे म्हणून पाया रोवला होता,” भालेकर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “वरचे काही मीटर मी स्वतः तपासले होते.”

पलीकडच्या खोलीत पंप घरघरत होता. त्याची थरथर जमिनीतून पलंगाच्या दांडीत येत होती आणि दांडीतून केतकीच्या हातात. रोजचीच थरथर, पण ती कुठवर जात असेल, खाली किती लांब जाऊन कशावर आपटून परत येत असेल, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता.

“केतकी,” भालेकर कुजबुजल्या, “जाऊन तो पंप बंद कर.”

केतकी उठली, आणि पहिलं पाऊल टाकता टाकता मध्येच थांबली. पाय जमिनीवर किती जोराने टेकवायचा, हे तिला कळेना.